धर्मगुरूचा शब्द आणि मतदाराची विवेकबुद्धी : उमेदवारांच्या जाहीर पुरस्काराचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

ख्रिस्ती धर्मगुरूंनी निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचा जाहीर पुरस्कार करावा काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा धर्म आणि राज्य यांच्या विभक्ततेच्या अंगाने होते. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न मतदानपद्धतीच्या इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. आयर्लंडमधील १८२८, १८७२ व १८९२ या वर्षांतील निवडणुका, कॅनडातील क्वीबेक प्रांतातील १८७६ ची पोटनिवडणूक आणि भारतीय निवडणूक कायद्यातील तरतुदी यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. खुल्या मतदानाच्या काळात धर्मगुरूंचा पाठिंबा हा जमीनदाराच्या दडपणावरील उतारा होता. गुप्त मतदानामुळे त्या पाठिंब्याचे ऐतिहासिक समर्थन संपले. त्याचे दडपण मात्र संपले नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

धर्मगुरू हाही नागरिक असतो. त्याला मताचा अधिकार आहे, तसाच मत व्यक्त करण्याचाही अधिकार आहे. मग त्याने अमुक उमेदवार योग्य आहे असे उघडपणे सांगितले तर बिघडले कोठे, असा प्रश्न विचारला जातो. याउलट, धर्मपीठावरून राजकारणाचा उच्चारही होता कामा नये, अशी टोकाची भूमिकाही मांडली जाते. या दोन्ही भूमिकांमध्ये एक उणीव आहे. त्या धर्मगुरूकडे पाहतात, परंतु त्याच्यासमोर बसलेल्या श्रद्धावान मतदाराकडे पाहत नाहीत. हा मतदार कोणावर अवलंबून आहे, त्याचे मत कोणाला दिसते आणि धर्मगुरूचा शब्द न मानल्यास त्याचे काय होते, हे प्रश्न विचारल्याखेरीज मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील आयर्लंडचा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे. तेथील बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती आणि जमिनीची मालकी प्रामुख्याने प्रॉटेस्टंट जमीनदारांकडे होती. निवडणुकीतील धर्मगुरूंच्या प्रभावाविषयी जेवढा न्यायालयीन खल या देशात झाला, तेवढा क्वचितच अन्यत्र झाला असेल. शिवाय त्या खलातून निर्माण झालेली कायद्याची परिभाषा ब्रिटिश अमलाबरोबर भारतात आली आणि स्वतंत्र भारताच्या कायद्यातही टिकून राहिली.

२. क्लेअर, १८२८ : जमीनदाराविरुद्ध धर्मगुरू

डॅनियल ओकॉनेल यांनी १८२३ मध्ये कॅथलिक असोसिएशनची स्थापना केली. पुढील वर्षापासून महिना एक पेनी अशी वर्गणी गोळा होऊ लागली आणि ती गोळा करण्याच्या कामी खेडोपाडीच्या धर्मगुरूंचे मोठे साहाय्य झाले. कॅथलिकांना त्या वेळी पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हते, परंतु उमेदवारी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. याचा लाभ घेऊन ओकॉनेल १८२८ मध्ये क्लेअर परगण्याच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले. प्रतिस्पर्धी व्हेसी फिट्झजेराल्ड हे मंत्री होते आणि विशेष म्हणजे कॅथलिकांना हक्क देण्यास त्यांचा स्वतःचा विरोध नव्हता.

मतदान उघड होते. मतदाराने सर्वांसमक्ष आपल्या उमेदवाराचे नाव उच्चारावयाचे असे. चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या अटीवर मताधिकार मिळालेली कुळे जमीनदाराच्या मागोमाग केंद्रावर जात आणि त्याच्या इच्छेप्रमाणे मत देत. मालकाविरुद्ध मत देणे म्हणजे घर आणि शेत गमावण्याची तयारी ठेवणे होय. या निवडणुकीत मात्र एनिस येथील मतदान केंद्राकडे कुळांना घेऊन जाणारे पुढारी धर्मगुरू होते. ओकॉनेल यांना २,०५७ आणि फिट्झजेराल्ड यांना ९८२ मते मिळाली. पुढील वर्षी कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले गेले. परंतु त्याच वेळी मताधिकाराची अट चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेऊन याच कुळांपैकी बहुतेकांचे मत काढून घेण्यात आले.

धर्मगुरूंनी उमेदवाराचा पुरस्कार केल्याचे हे उदाहरण आहे आणि इतिहासाने त्याचा निकाल सहसा त्यांच्या बाजूने दिला आहे. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. क्लेअरमधील कुळापुढे स्वतंत्र मत आणि धर्मगुरूचे मत असे दोन पर्याय नव्हते. जमीनदाराचे मत आणि धर्मगुरूचे मत एवढेच पर्याय होते. एका दडपणाला छेद देण्यासाठी दुसरी तेवढीच वजनदार शक्ती आवश्यक होती आणि ती चर्चखेरीज कोणाकडेही नव्हती. धर्मगुरूंच्या हस्तक्षेपाचे समर्थन असे परिस्थितीत होते. ते कायमचे तत्त्व नव्हे.

३. गॉलवे, १८७२ : विजयाची किंमत

फेब्रुवारी १८७२ मधील गॉलवे परगण्याची पोटनिवडणूक ही आयर्लंडमधील खुल्या मतदानाच्या शेवटच्या निवडणुकांपैकी एक होय. होमरूलवादी कॅप्टन जॉन फिलिप नोलन यांनी पूर्वी आपल्या जमिनीवरील कुळांना हुसकावले होते. पुढे लवादाचा निर्णय मान्य करून त्यांनी भरपाईची जबाबदारी स्वीकारली. त्यामुळे धर्मगुरूंचा पाठिंबा त्यांना लाभला, तर परगण्यातील जमीनदार कॅप्टन ट्रेंच यांच्यामागे एकवटले. नोलन यांना २,८२३ आणि ट्रेंच यांना अवघी ६५८ मते पडली.

निकालाविरुद्ध निवडणूक याचिका दाखल झाली व ती न्यायमूर्ती विल्यम कीओ यांच्यापुढे चालली. कीओ स्वतः कॅथलिक होते, परंतु १८५२ मध्ये दिलेले राजकीय वचन मोडून त्यांनी सरकारी पद स्वीकारले, याचा राग लोकांच्या मनात होता. त्यांनी २७ मे १८७२ रोजी निवडणूक रद्द ठरवली आणि जागा ट्रेंच यांना दिली. ट्यूमचे आर्चबिशप मॅकहेल, गॉलवे व क्लॉनफर्टचे बिशप आणि अनेक धर्मगुरू यांना त्यांनी गैरवाजवी प्रभावाबद्दल दोषी धरले. निकालपत्राची भाषा इतकी जहाल होती की न्यायाधीशांच्या प्रतिमा गावोगावी जाळण्यात आल्या. क्लॉनफर्टचे बिशप डगन यांच्यावर भरलेल्या खटल्यात १८७३ मध्ये ते निर्दोष सुटले आणि १८७४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नोलन पुन्हा निवडून आले.

या प्रकरणात दोन धडे आहेत. धर्मगुरूंना शिक्षा करून त्यांचा प्रभाव कमी होत नाही, उलट त्यांना हौतात्म्याचे वलय प्राप्त होते, हा पहिला धडा होय. दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. लाँगफर्ड येथील निवडणूक याचिकेत १८७० मध्ये न्यायमूर्ती फिट्झजेराल्ड यांनी एक मर्यादारेषा आखली होती. धर्मगुरूने सल्ला द्यावा, आग्रह करावा, एक उमेदवार दुसऱ्यापेक्षा बरा का हे समजावून सांगावे. परंतु परलोकीच्या शिक्षेचे भय दाखवू नये, धर्मबहिष्काराची वा संस्कार नाकारण्याची धमकी देऊ नये, असा त्या विवेचनाचा आशय होता. ही रेषा कागदावर स्पष्ट दिसते. तथापि, जो हात रविवारी ख्रिस्तप्रसाद देतो तोच शनिवारी मत मागतो, तेव्हा सल्ला कोठे संपतो आणि भय कोठे सुरू होते हे मतदाराने कसे ओळखावे?

४. गुप्त मतदान आणि न सुटलेला प्रश्न

जुलै १८७२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुप्त मतदानाचा कायदा संमत केला. जमीनदाराला आता कुळाचे मत दिसेनासे झाले. धर्मगुरूच्या संरक्षणाची गरज तेवढ्या प्रमाणात संपली. आता मतदार दोघांच्याही प्रभावातून मुक्त होईल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते कॅनडात.

कॅनडाने १८७४ मध्ये गुप्त मतदान स्वीकारले. सप्टेंबर १८७५ मध्ये क्वीबेकच्या बिशपांनी कॅथलिक उदारमतवादाचा निषेध करणारे संयुक्त पत्र काढले. जानेवारी १८७६ मध्ये शार्लव्वा येथील पोटनिवडणुकीत अनेक धर्मगुरूंनी, उदारमतवादी उमेदवाराला मत देणे हे पाप आहे, अशा आशयाची प्रवचने केली. परंपरावादी उमेदवार हेक्टर लान्जव्हँ विजयी झाले. खालच्या न्यायालयाने याचिका फेटाळली; परंतु फेब्रुवारी १८७७ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जाँ-तोमा ताशरो हे क्वीबेकच्या आर्चबिशपांचे सख्खे बंधू होते. त्यांच्या निर्णयास धर्मद्वेषाचा हेतू चिकटवणे म्हणूनच कठीण होते. पुढे रोमने आयरिश बिशप कॉनरॉय यांना प्रतिनिधी म्हणून पाठवले आणि क्वीबेकच्या धर्मगुरूंना पक्षीय राजकारणापासून दूर राहण्याची समज देण्यात आली. लान्जव्हँ मात्र पुन्हा झालेल्या निवडणुकीतही विजयी झाले.

शार्लव्वाचा मतदार पडद्याआड मत देत होता. तेथे जमीनदार पोहोचू शकत नव्हता, पोलीस पोहोचू शकत नव्हता. पापाची भीती मात्र पोहोचत होती. कारण ती मतदार स्वतःबरोबर घेऊन येत होता. गुप्त मतदान माणसाच्या डोळ्यांपासून मत लपवते, श्रद्धावानाच्या समजुतीप्रमाणे परमेश्वरापासून नव्हे. म्हणून गुप्त मतदानाने अन्य सर्व दडपणे दुबळी केली तरी धर्मगुरूच्या शब्दाचे दडपण तुलनेने अधिक प्रबळ झाले.

५. मीथ, १८९२ : कळपातील दुही

ब्रिटिश पार्लमेंटने १८८३ मध्ये निवडणुकीतील भ्रष्टाचाराविरुद्ध केलेल्या कायद्यात गैरवाजवी प्रभावाच्या व्याख्येत ऐहिक इजेबरोबर ‘आध्यात्मिक इजा’ हे शब्द घातले. त्यांची कसोटी मीथ परगण्यात लागली.

घटस्फोटाच्या एका खटल्यातून आयरिश नेते पार्नेल यांचे नाव पुढे आले आणि डिसेंबर १८९० मध्ये आयरिश बिशपांनी त्यांना नेतृत्वास अपात्र ठरवले. पक्ष दुभंगला. ऑक्टोबर १८९१ मध्ये पार्नेल मरण पावले, तरी वाद शमला नाही. जुलै १८९२ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तोंडावर मीथचे बिशप टॉमस नल्टी यांनी एक पत्र काढले व ते चर्चमधून वाचले गेले. पार्नेलवादाला चिकटून राहणारा जाणता माणूस कॅथलिक राहू शकत नाही आणि अशा माणसाला मृत्युसमयी परमेश्वरापुढे उभे राहणे जड जाईल, असा त्याचा आशय होता. हेच नल्टी एरवी कुळांच्या हक्कांचे निर्भीड कैवारी म्हणून प्रसिद्ध होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उत्तर मीथमधून जमीन चळवळीचे थोर नेते मायकेल डॅव्हिट आणि दक्षिण मीथमधून पॅट्रिक फुलम हे पार्नेलविरोधी उमेदवार निवडून आले. दोन्ही निवडणुका याच पत्राच्या आणि धर्मगुरूंच्या वर्तनाच्या आधारे रद्द झाल्या.

येथे आणखी एक तपशील नोंदवला पाहिजे. निरक्षर मतदाराची मतपत्रिका केंद्राधिकाऱ्याने उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष भरावी, अशी त्या वेळच्या कायद्यात तरतूद होती. हे प्रतिनिधी म्हणून कित्येक ठिकाणी धर्मगुरूच बसले होते. निरक्षरांपुरते मतदान पुन्हा उघड झाले आणि पाहणारे डोळे या वेळी जमीनदाराचे नव्हते.

गॉलवेमध्ये धर्मगुरू आणि कुळे एका बाजूला होती. मीथमध्ये धर्मगुरूचा शब्द त्याच्याच कळपातील एका गटाविरुद्ध उच्चारला गेला. पार्नेलवादी कुटुंबे त्याच चर्चमध्ये येत होती, त्यांची मुले तेथेच बाप्तिस्मा घेत होती आणि त्यांचे मृत तेथील भूमीत विसावले होते. त्यांना मत आणि संस्कार यांपैकी एकाची निवड करावयास लावणे, ही या प्रश्नातील खरी हानी होय. ती राज्याची नव्हे, प्रथमतः श्रद्धावानाची आहे.

६. भारतीय कायद्यातील वारसा

भारतात १९२० मध्ये दंड संहितेत निवडणूकविषयक गुन्ह्यांचे प्रकरण समाविष्ट झाले. ‘दैवी अवकृपा’ वा ‘आध्यात्मिक निर्भर्त्सना’ यांची भीती घालणे हा गैरवाजवी प्रभाव ठरवण्यात आला. हीच संकल्पना लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ मध्ये आणि पुढे भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही आली. हा कायदा कोणत्याही एका धर्मापुरता नाही. किंबहुना त्याची महत्त्वाची कसोटी ख्रिस्ती नव्हे तर नामधारी शीख संप्रदायाच्या संदर्भात लागली. पंजाबमधील सिरसा मतदारसंघात १९५७ मध्ये संप्रदायाच्या गुरूंनी अमुक उमेदवारास मत देण्याचा हुकूम काढला. रामदयाल विरुद्ध संतलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ती निवडणूक रद्दबातल ठरवली. इंग्रजी कायद्याचा भर प्रभावाच्या परिणामावर आहे, तर भारतीय कायद्याचा भर प्रभाव टाकण्याच्या कृतीवर आहे, हा भेदही न्यायालयाने दाखवून दिला. गुरूच्या आज्ञेचा भंग हेच जेथे पाप मानले जाते, तेथे उघड धमकीची आवश्यकता उरत नाही.

निरक्षरांच्या प्रश्नाचेही भारताने वेगळे उत्तर शोधले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १९५१–५२ मध्ये प्रत्येक उमेदवारासाठी चिन्हांकित स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही कोणाला न सांगता मत देता आले. मीथच्या केंद्रांवर जे घडले ते या व्यवस्थेत संभवत नव्हते.

धर्माच्या नावाने केलेल्या आवाहनाविषयीचे दोन अलीकडचे निर्णयही येथे प्रस्तुत आहेत. केरळमधील मूवाट्टुपुळा लोकसभा मतदारसंघातील २००४ ची निवडणूक, कॅथलिक मतदारांना आवाहन करण्यासाठी पोप व मदर तेरेसा यांच्या छायाचित्रांचा वापर झाल्याच्या कारणावरून रद्द झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० मधील निवडणुकीतून उद्भवलेल्या अभिराम सिंह खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, केवळ उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही निषिद्ध ठरवले. तथापि, भ्रष्ट आचरण सिद्ध होण्यास उमेदवाराचा, त्याच्या प्रतिनिधीचा किंवा त्यांच्या संमतीचा संबंध दाखवावा लागतो. स्वतःहून बोलणाऱ्या धर्मगुरूपर्यंत ही तरतूद सहजी पोहोचत नाही. १९८८ च्या कायद्याने धार्मिक संस्थांच्या जागेचा राजकीय कार्यासाठी वापर निषिद्ध केला आहे, परंतु कायदा जागा बंद करतो. वाणीचा विवेक शिकवत नाही.

७. मुद्दा आणि उमेदवार

याचा अर्थ धर्मगुरूने मौन धरावे असा होतो काय? तसा नाही. केरळमध्ये १९५७ मध्ये मांडल्या गेलेल्या शिक्षण विधेयकातील काही तरतुदी अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांच्या अधिकाराशी विसंगत असल्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दिले. येथवर चर्चची भूमिका तत्त्वाची होती. पुढे १९५९ च्या विमोचन लढ्यात नायर संघटनेबरोबर कॅथलिक धर्मगुरूही उतरले, ३१ जुलै रोजी निर्वाचित सरकार बरखास्त झाले आणि १९६० मध्ये विरोधी आघाडी विजयी झाली. परंतु १९६७ मध्ये ई. एम. एस. नंबुद्रिपाद पुन्हा मुख्यमंत्री झाले. न्यायालयात मिळवलेला घटनात्मक सिद्धांत टिकला. आंदोलनातून मिळवलेली सत्ता टिकली नाही.

आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून भूमी आणि पाणी यांच्या रक्षणासाठी जाहीर लढा दिला. या चळवळीत धर्म न पाहता माणसे एकत्र आली. मुद्द्यावर घेतलेली भूमिका पटली नाही तरी श्रद्धावान आपल्या चर्चमध्ये उपरा ठरत नाही. उमेदवाराचे नाव मात्र त्या उमेदवाराच्या सर्व भल्याबुऱ्या कृत्यांसह स्वीकारावे लागते.

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतही धर्मगुरूंना राज्यसत्तेतील पदे घेण्यास मनाई असून पक्षांतील सक्रिय सहभागासही सामान्यतः प्रतिबंध आहे. अमेरिकेत या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. तेथे १९५४ च्या दुरुस्तीने करसवलत घेणाऱ्या संस्थांना उमेदवारांच्या प्रचारापासून रोखले. न्यूयॉर्क राज्यातील एका चर्चने १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध वृत्तपत्रीय जाहिराती दिल्या, तेव्हा त्याची सवलत काढून घेण्यात आली व २००० मध्ये न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये मात्र तेथील करखात्याने, उपासनेच्या प्रसंगी आपल्या मंडळीपुढे केलेले असे कथन या मनाईत मोडत नाही, अशी भूमिका न्यायालयात मांडली. या साऱ्या चर्चेचा केंद्रबिंदू संस्थेची करसवलत हा आहे. बाकावर बसलेल्या मतदाराचा विचार त्यात दुय्यम ठरतो.

८. एक आक्षेप

हुकूमशाही डोके वर काढत असता उमेदवाराचे नाव न घेणे म्हणजे भित्रेपणा नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. हा आक्षेप वजनदार आहे. फिलिपाइन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये बिशपांनी मार्कोस राजवटीतील निवडणूक लबाडीची असल्याचे जाहीर केले आणि त्या शब्दाने इतिहास घडवला. परंतु त्या निवेदनाचा गाभा मतपेटीचे पावित्र्य हा होता. मतदाराला मत कोणाला द्यावे हे सांगणे आणि त्याने दिलेले मत चोरले गेले असे सांगणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. जेथे मतच मुक्त राहिलेले नसते, तेथे क्लेअरची परिस्थिती पुन्हा निर्माण होते आणि धर्मगुरूच्या हस्तक्षेपाचे समर्थनही पुन्हा जिवंत होते. अपवादाचे निकष असे इतिहासातूनच मिळतात.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) धर्मगुरूंनी उमेदवारांचा पुरस्कार करण्याचे ऐतिहासिक समर्थन खुल्या मतदानाच्या आणि आर्थिक परावलंबनाच्या परिस्थितीत होते. गुप्त मतदान जेथे खऱ्या अर्थाने अस्तित्वात आहे, तेथे ते समर्थन उरत नाही.

२) गुप्त मतदान ऐहिक दडपणाचा प्रतिकार करते, आध्यात्मिक दडपणाचा करू शकत नाही. म्हणून सल्ला आणि भय यांतील रेषा कायद्यापेक्षा धर्मगुरूच्या स्वसंयमानेच पाळली जाऊ शकते.

३) गॉलवे, शार्लव्वा आणि मीथ येथे न्यायालयांनी निवडणुका रद्द केल्या, तरी गॉलवेतील उमेदवार दोन वर्षांत परतला, शार्लव्वातील उमेदवार लगेच परतला आणि मीथमध्ये १८९३ च्या पोटनिवडणुकांत पार्नेलविरोधी पक्षानेच जागा राखल्या. शिक्षेने प्रभाव नष्ट होत नाही.

४) भारतासारख्या देशात, जेथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य आहे, उमेदवाराचा जाहीर पुरस्कार त्या समाजाला एकगठ्ठा मतपेढी म्हणून रंगवण्यास निमित्त पुरवतो. त्याची झळ मत कोणालाही दिलेल्या सामान्य श्रद्धावानास सोसावी लागते.

५) धर्मगुरूने न्याय, भूमी, शिक्षण, हिंसाचार, मतदानाची शुचिता यांविषयी निर्भयपणे बोलावे. उमेदवाराच्या नावापाशी मात्र थांबावे. मतदानकक्षात मतदाराबरोबर फक्त त्याची विवेकबुद्धी जाते. तिला जागे करणे हे धर्मगुरूचे कार्य आहे; तिच्या वतीने शिक्का मारणे हे नव्हे.